कॉलेजची फी कमी करायची, तर शिष्यवृत्ती कधी शोधायची?

बारावीचा निकाल लागला की साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागपर्यंत अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. मार्कांची चर्चा महिनाभर पुरते. फीची चर्चा मात्र सुरू होते ती प्रवेश पक्का झाल्यावर, कॉलेजच्या काउंटरवर चेक लिहिताना. "आत्ता भरून टाकू, स्कॉलरशिपचं नंतर बघू," असं म्हणून घरी यायचं, आणि नंतर बघायला गेलं की कळतं, ही जागा त्या योजनेत बसतच नाही.

आपल्याकडे फीमधली सगळ्यात मोठी सवलत प्रवेश घेतानाच ठरून जाते. जागा कोणती, कोणत्या फेरीतून आणि कोणत्या प्रकारच्या कॉलेजात, यावर लाखांचा फरक पडतो. नंतर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत, चांगल्याही आहेत, पण त्यांचा आकडा बहुधा हजारांत असतो. म्हणून सुरुवात जागेपासून करू.

पावतीवर दोन फी असतात

खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए अशा कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि कोणत्या कॉलेजला किती फी मंजूर आहे ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. या फीचे दोन भाग असतात : ट्यूशन फी आणि विकास शुल्क, म्हणजे डेव्हलपमेंट फी. सरकारी सवलतीत 'पूर्ण फी माफ' असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ बहुतेक वेळा ट्यूशन फी माफ (काही योजनांत परीक्षा फीही) इतकाच असतो. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, बस हे खिशातूनच जातं. "सगळं माफ आहे म्हणाले होते आणि आता पंधरा हजार मागतायत" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

समजा, एका कॉलेजची वर्षाची फी १,२०,००० रुपये आहे. त्यात ट्यूशन फी १,०८,००० आणि विकास शुल्क १२,०००. आता हेच कॉलेज, हीच शाखा, पण तीन वेगवेगळे विद्यार्थी घेऊ.

पहिला मुलगा खुल्या प्रवर्गातला, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना लागू होते. लोक तिला अजून ईबीसीच म्हणतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या ट्यूशन फीतली निम्मी रक्कम सरकार भरतं, म्हणजे ५४,००० वजा होऊन ६६,००० भरायचे. ओबीसी मुलांनाही ट्यूशन फीत निम्मीच सवलत आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना पूर्ण आहे.

दुसरी मुलगी. आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. शासन निर्णय जुलै २०२४ चा. तिला उरतात १२,०००.

तिसरा मुलगा पुन्हा पहिल्यासारखाच, फक्त त्याची जागा टीएफडब्ल्यूएस या ट्यूशन फी माफीच्या योजनेतली. त्यालाही भरायचे १२,०००. चार वर्षांचा हिशोब केला तर पहिल्याचे २,६४,००० आणि तिसऱ्याचे ४८,०००. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत सव्वादोन लाखांच्या आसपास फरक, आणि तो पडला ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय

ट्यूशन फी वेव्हर स्कीम. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजात प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा असतात. साठ जागांची शाखा असेल तर वर तीन. या जागांना ट्यूशन फी पूर्ण माफ असते आणि त्या निव्वळ गुणवत्तेवर भरतात. अट एकच, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. खऱ्या अर्थानं 'मेरिट स्कॉलरशिप' म्हणावी अशी आपल्याकडची ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तिच्या नावात स्कॉलरशिप हा शब्दच नाही, त्यामुळे पालक ती शोधतही नाहीत.

कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या राउंडच्या फॉर्ममध्ये या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' लागलेला. सांगलीच्या वालचंद कॉलेजची एखादी शाखा तुम्ही नेहमीच्या कोडनं टाकली आणि 'टी'चा कोड टाकलाच नाही, तर मार्क बसत असूनही ती जागा तुम्हाला मिळणार नाही. यंत्रणा तुमच्या वतीनं विचार करत नाही.

या जागांचा कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो, कारण तीन जागांवर सगळ्यांचा डोळा असतो. म्हणून यादी लावताना डोकं लावावं लागतं. एका नामांकित कॉलेजात ईबीसीवर कॉम्प्युटर, की थोड्या कमी नावाच्या कॉलेजात टीएफडब्ल्यूएसवर तीच शाखा? माझं मत विचाराल तर शाखा तीच असेल आणि कॉलेजात फार तफावत नसेल, तर 'टी'चा कोड वर ठेवावा. पण फक्त फी वाचते म्हणून नको असलेली शाखा घेऊ नये, कारण या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलकडे (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाकडे) प्रसिद्ध झालेले असतात. ते बघून मगच क्रम लावा.

जिथं सवलत पोचत नाही

मुलींच्या फीमाफीचा निर्णय वाचताना लोक शंभर टक्क्यांपर्यंत वाचतात आणि थांबतात. पुढच्या ओळीत अपवाद आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश वगळले आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळली आहेत. एखाद्या मुलीनं घाई करून, "जागा जाईल" या भीतीनं, कॅपची शेवटची फेरी व्हायच्या आतच व्यवस्थापन कोट्यात पैसे भरले, तर ती माफी तिच्यासाठी तिथंच संपली.

आणि इथंच खासगी विद्यापीठांच्या जाहिराती येतात. "बारावीला ९० टक्के? ट्यूशन फीत ४० टक्के मेरिट स्कॉलरशिप!" फोन येतो, समोरची व्यक्ती अभिनंदन करते, घरात सगळ्यांना बरं वाटतं. ही शिष्यवृत्ती म्हणजे त्यांनीच लावलेल्या किमतीत त्यांनीच दिलेली सूट असते. त्यात गैर काही नाही, पण दिवाळीच्या सेलमध्ये साडीवरचं लेबल जसं वाचतो तसं हे वाचायला हवं. समजा पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाची फी ३,२०,००० आहे आणि ४० टक्के सूट मिळाली. १,२८,००० ची शिष्यवृत्ती! फ्लेक्स लावण्याजोगा आकडा. उरले १,९२,०००, शिवाय पुण्यात राहण्या-जेवणाचा खर्च. वरच्या उदाहरणातल्या ईबीसीच्या मुलाला, कुठलाही गाजावाजा न होता, ६६,००० भरायचे होते.

अशी सूट घेणारच असाल तर एक गोष्ट लेखी मागा : ही सूट चारही वर्षं आहे का, आणि पुढच्या वर्षी टिकवायला किती सीजीपीए (सेमिस्टरांच्या गुणांची सरासरी) लागतो? पहिल्या सेमिस्टरला गणितात गटांगळी खाणारी हुशार मुलं कमी नसतात. दुसऱ्या वर्षी सूट गेली आणि फी पूर्ण झाली, तर तोपर्यंत मागे फिरायची वाट उरलेली नसते.

इंजिनिअरिंग-मेडिकलच्या बाहेर

विलिंग्डनला किंवा साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण सायन्स कॉलेजात बीएस्सीला जाणाऱ्या मुलाकडे गावात जरा कीव केल्यासारखं बघतात. त्यात चांगले मार्क असूनही फिजिक्स घेतलं तर विचारायलाच नको. पण केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती याच मुलांसाठी आहे. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञानात बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सी करत असाल, तर वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. उत्पन्नाची अट नाही. इंजिनिअरिंग, मेडिकलला ती लागू नाही. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी यापेक्षा खूपच कमी असते, म्हणजे शिक्षण होऊन वर पैसे उरतात. एक सावधगिरी : हप्ता उशिरा येतो, कधी फारच उशिरा. त्या भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नका.

कला-वाणिज्यवाल्यांना वाटतं, आपल्यासाठी काहीच नाही. आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची पदवीसाठीची शिष्यवृत्ती, आता पीएम-यूएसपी नावानं चालते. दरवर्षी देशभरात ८२,००० नव्या विद्यार्थ्यांना मिळते, निम्म्या मुलींना. पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० रुपये, पुढे पदव्युत्तरला वर्षाला २०,०००. घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत आणि बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असायला हवं. इथं पर्सेंटाइल आणि टक्के यांचा घोळ होतो. ८० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शाखेतल्या दर शंभरातली ऐंशी मुलं तुमच्या मागे आहेत, मार्क कितीही असोत. जागा विज्ञान, वाणिज्य, कला अशा ३:२:१ प्रमाणात वाटलेल्या असतात आणि प्रत्येक शाखेची स्पर्धा वेगळी होते. त्यामुळे आर्ट्सला ७५ टक्के मिळवलेल्या जत किंवा माण तालुक्यातल्या मुलीनं "आपल्याला काय मिळणार" म्हणून अर्जच न करणं हे चूक आहे. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर.

डिप्लोमावाल्या (आणि इंजिनिअरिंग पदवीच्याही) मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे : वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. हे पैसे फीपुरते बांधलेले नाहीत; कॉम्प्युटर, पुस्तकं यांसाठीही चालतात. मिरजेच्या किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात फी मुळातच थोडी. तिथं शिकणाऱ्या मुलीला फीमाफीतून मिळून मिळून काय मिळणार? काही हजार. प्रगतीतून ५०,०००. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या बहुतेक योजना चालू देत नाहीत, म्हणून कुठली ठेवायची हा हिशोब करावा लागतो. खासगी इंजिनिअरिंगच्या मुलीचं उत्तर वेगळं येईल, तंत्रनिकेतनातल्या मुलीचं वेगळं.

आयआयटी-एनआयटीत नंबर लागला तर घाबरून जाऊ नका. घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर आयआयटीत ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना उत्पन्न न बघता माफ.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही देते. त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फी. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना वेगळी. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शेतकऱ्याच्या घरात सातबारा कायम हाताशी असतो, पण या भत्त्यासाठी तो काढलेला फार कमी वेळा दिसतो.

खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांत रिलायन्स फाउंडेशनची पदवीची शिष्यवृत्ती दरवर्षी ५,००० मुलांना मिळते, पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा १५ लाख, म्हणजे ८ लाखांच्या रेषेवरून बाहेर पडलेल्या शिक्षक, बँक कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही दार उघडं. ऑनलाइन अभियोग्यता चाचणी असते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलींसाठी कोटक कन्या आहे, वर्षाला दीड लाखापर्यंत, उत्पन्न ६ लाखांच्या आत. या दोन्हींत निबंध, चाचणी, मुलाखत असलं काहीतरी असतं आणि आपली मुलं तिथं बुजतात. अर्जात "मला शिकून देशसेवा करायची आहे" असं लिहिण्यापेक्षा घरची अडीच एकर, ऊस, आईचं शिलाई मशीन आणि कोणता विषय का आवडतो हे सरळ लिहिलेलं वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

गावातली पतसंस्था, साखर कारखाना, समाजाचं मंडळ, माजी विद्यार्थी संघ यांच्याकडूनही थोडेफार मिळतात. गुणगौरव समारंभात शाल, नारळ आणि पाचशे एकाचं पाकीट. पुस्तकांना होतात, घ्यावेत. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेची 'कमवा आणि शिका' योजना आजही चालते. तिथं मार्कांपेक्षा काम करायची तयारी बघतात, म्हणून ती या लेखाच्या विषयात नीटशी बसत नाही, पण हॉस्टेलच्या खर्चावर तोच उतारा ठरलेली घरं पुष्कळ आहेत.

कागद

योजना समजणं सोपं आहे. अर्ज अडतो तो कागदांवर, आणि तेही दोन-तीन ठरलेल्या ठिकाणीच.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढून निवांत बसलात तर जूनमध्ये पुन्हा रांगेत. एप्रिल-मेमध्ये काढा. तेव्हा सेतूत आणि आपले सरकार केंद्रात गर्दी कमी असते, आणि तलाठीही (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) जागेवर सापडतात. दाखल्यात आई-वडील दोघांचं उत्पन्न धरलेलं हवं.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला दुसरं लागतं, आणि ते जिल्हा पडताळणी समितीकडून यायला वेळ लागतो, विशेषतः आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागल्या तर. अर्ज अकरावी-बारावीतच, कॉलेजमार्फत करा. ओबीसी आणि एसईबीसींना नॉन-क्रिमीलेयरही.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. कुठं वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, कुठं नाही. आईचं नाव एका कागदावर संगीता, दुसऱ्यावर संगिता. माणसाला हा फरक दिसतही नाही, पण पोर्टल अडवतं. दहावीचं गुणपत्रक मूळ धरून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणं हे बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतलं काम आहे.

शेवटी बँक खातं. अर्जात तुम्ही कोणत्याही खात्याचा नंबर द्या, थेट लाभाचे पैसे बऱ्याच योजनांत आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. खातं आधारशी 'लिंक' असणं आणि एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या यादीत ते 'सीड', म्हणजे थेट लाभासाठी जोडलेलं असणं यात फरक आहे. बँकेत जाऊन 'सीड' आहे का हेच विचारा. पाचवी-सहावीत शाळेनं उघडून घेतलेलं शून्य शिलकीचं खातं तिथं जोडलेलं असतं, ते व्यवहार नसल्यानं कधीच बंद पडलेलं असतं, आणि शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे फिरत राहतात. असं प्रकरण सापडलं की पासबुक, आधार घेऊन वापरात असलेल्या खात्याचा सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा. काम अर्ध्या तासाचं, पण कुणी सांगितलं नाही तर वर्ष जातं.

अर्ज केल्यानंतर

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर. एनएसपीवर आधी एकदाच करायची ओटीआर नोंदणी असते, त्यात मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी होते. अर्ज भरला की तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून वर. मधे कुठं 'सेंड बॅक' झाला तर तो दुरुस्त करून परत पाठवायचा असतो, आणि हा निरोप मेसेजनं येईलच असं नाही. आठवड्याला एकदा लॉगिन करून स्टेटस बघायचं. कॉलेजातल्या स्कॉलरशिप विभागाच्या क्लार्कशी ओळख ठेवावी. शेकडो अर्ज त्यांच्या एकट्याच्या टेबलावर असतात, आणि तुमचा अर्ज कुठं अडलाय हे त्यांना एका नजरेत कळतं.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातला फीचा भाग कॉलेजला भरायचा असतो. खात्यावर अचानक मोठी रक्कम दिसली म्हणून ती बाइकच्या डाउन पेमेंटला गेली, आणि शेवटच्या वर्षाला कॉलेजनं कागद अडवले, असं व्हायला नको. घरच्यांनी हे मुलाला आधीच सांगून ठेवावं.

नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. पीएम-यूएसपीला पुढच्या वर्षी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

आणि "तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, प्रोसेसिंगचे दोन हजार भरा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. सरकारी पोर्टल अर्जासाठी पैसे घेत नाही. सेवा केंद्रवाला फॉर्म भरून देण्याचे शे-दीडशे घेतो ती त्याची मेहनत, पण पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल मुलीच्याच हातात राहू द्या. पुढची तीन वर्षं त्याच लॉगिनवर काढायची असतात.